धावण्याआधी थांबणं: बॉर्डर कॉलीबद्दल वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी निवडलेले सगळे प्रश्न खेळासाठी वाढवल्या जाणाऱ्या बॉर्डर कॉलीबद्दल आहेत, आणि त्यातल्या बहुतेकांचं मूळ एकच आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमाभागात मेंढ्या वळण्यासाठी या कुत्र्यांची पैदास झाली. १८९३ साली जन्मलेला ओल्ड हेम्प हा या जातीचा मूळपुरुष मानला जातो. गडबड न करता, नुसती नजर रोखून कळप हलवण्यासाठी तो ओळखला जायचा. नजर रोखणं, दबा धरणं, हलत्या गोष्टीमागे झेपावणं हे गुण पिढ्यान्‌पिढ्या निवडून या रक्तात पक्के केले गेले आहेत. अजिलिटी (अडथळ्यांची शर्यत), फ्लायबॉल (चेंडू आणण्याची सांघिक शर्यत) आणि डिस्कच्या (उडती तबकडी झेलण्याच्या) मैदानावर त्याच ओढीचं सोनं होतं. घरात आणि रस्त्यावर तीच डोकेदुखी ठरते.

प्रश्न: आमचं पिल्लू अकरा आठवड्यांचं आहे. दोन वेळा फिरवतो, अर्धा-पाऊण तास चेंडू टाकतो. तरी संध्याकाळी ते घरभर सैरावैरा धावतं, पँट ओढतं, घोटे चावतं. ओरडलं की आणखी चेकाळतं. व्यायाम कमी पडतोय का?

व्यायाम भरपूर होतोय, झोप कमी पडतेय. या वयाच्या पिल्लाला चोवीस तासांत अठरा तासांच्या आसपास झोप लागते. इतर अनेक जातींची पिल्लं दमली की असतील तिथे आडवी होतात. कॉलीच्या पिल्लासमोर काहीतरी हलत असेल तर ते झोपतच नाही. डोळे तारवटतात, हालचाली तुटक होतात आणि शेवटी दात वापरले जातात. संध्याकाळचा हा धुमाकूळ म्हणजे बहुतेक वेळा दिवसभराची साचलेली झोप असते.

दिवसाची मांडणी बदला. पिल्लू उठलं की पाऊण ते एक तास जागं, त्यानंतर दीड-दोन तास झोप, असं चक्र दिवसभर चालू द्या. जागेपणीचा क्रम साधा ठेवा: बाहेर शू-शी, खाणं, दोन-तीन मिनिटं शिकवणं, थोडा खेळ, पुन्हा शू आणि मग क्रेट, म्हणजे झोपायचा पिंजरा. क्रेट एवढाच मोठा हवा की पिल्लाला त्यात उभं राहता, वळता आणि कुशीवर पसरता येईल. पहिले तीन-चार दिवस दार उघडं ठेवून सगळं खाणं आतच द्या. मग आत चघळायला काहीतरी देऊन दार एक मिनिट लावा, नंतर पाच, नंतर पंधरा. तीन बाजूंवर कापड टाका, हवा खेळती ठेवा. समोरची वर्दळ दिसेनाशी झाली की बरीच पिल्लं लवकर पडतात. क्रेटमध्ये आरडाओरडा वाढतच गेला, तर तुम्ही घाई केली आहे. एक पायरी मागे या.

घोटे चावायला आलं की जागच्या जागी थांबा. हलणारा पाय त्याच्यासाठी कळपातून फुटलेली मेंढी असते. ओरडणं, पाय झटकणं, मुलांनी किंचाळत पळणं यांनी खेळ रंगतो. मीटरभर लांबीचं मऊ टग, म्हणजे ओढाओढीचं खेळणं, जवळ ठेवा आणि ते जमिनीलगत, पिल्लापासून दूर सरपटवा, म्हणजे दातांना योग्य जागा मिळेल आणि तुमचे हातपाय लांब राहतील. एका मिनिटात तीनदा टग सोडून पायाकडे आलं, तर ती दमल्याची खूण समजा आणि शांतपणे क्रेटमध्ये ठेवा. ही शिक्षा नाही, त्यामुळे आत जाताना रागाचा आवाज नको आणि आत काहीतरी चघळायला हवं.

चेंडू मात्र आजच बंद करा. अकरा आठवड्यांच्या सांध्यांना ती करकचून थांबणं आणि गर्रकन वळणं नको आहेत. शिवाय रोज तासभर चेंडू टाकून तुम्ही असा कुत्रा घडवाल ज्याला पुढच्या महिन्यात दीड तास लागेल. फिरण्याबद्दल ‘वयाच्या प्रत्येक महिन्यामागे पाच मिनिटं’ हा नियम बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. तो ढोबळ आहे. पट्ट्याला बांधून कडक रस्त्यावर एकसुरी चालवणं थोडकंच असू द्या. गवतात, उंचसखल मातीत, स्वतःच्या चालीने हुंगत भटकणं त्याहून कितीतरी चांगलं, आणि त्याने पिल्लू शांतही होतं. तीन ते साधारण चौदा आठवडे हा काळ नवी माणसं, आवाज आणि पृष्ठभाग स्वीकारण्याचा असतो. लसीकरण पूर्ण झालं नसेल तर कडेवर घेऊन फिरवा, पण हा काळ वाया घालवू नका. कॉलीमध्ये आवाजाची धास्ती बरीच आढळते.

आणि एक गोष्ट आत्ताच सुरू करा: चटई. एक छोटी चटई अंथरा. पिल्लाचा पाय तिच्यावर पडला की वाटाण्याएवढा खाऊ चटईवरच, त्याच्या पुढच्या पायांमध्ये ठेवा. हातातून भरवू नका, नाहीतर ते तुमच्या हातालाच चिकटेल. पहिल्या मिनिटात दहा-बारा तुकडे द्या, मग चटई गुंडाळून ठेवा. दोन-तीन दिवसांत ते चटई दिसताच येऊन आडवं होईल. आता तुकड्यांमधलं अंतर तीन सेकंद, पाच, दहा असं वाढवा, आणि कमरेवर कलंडणं, हनुवटी टेकणं, श्वास सोडणं अशा खऱ्या सैलपणाला खाऊ द्या. छाती जमिनीला, मागचे पाय उडीच्या तयारीत आणि डोळे तुमच्यावर, हा पवित्रा दिसायला शांत असला तरी तो दबा आहे. त्याला खाऊ मिळत राहिला तर चटईवर ताणलेला कुत्रा तयार होतो. पुढे मैदानाच्या कडेला तासन्‌तास थांबायची वेळ येईल तेव्हा हीच चटई कामी येणार आहे.

प्रश्न: पाच महिन्यांचा आमचा कुत्रा सायकल किंवा गाडी दिसली की खाली दबतो, टक लावतो आणि जवळ आली की झेप घेतो. पट्टा खेचून ‘नाही’ म्हणतो, पण रोज वाढतंच चाललंय.

वाढणारच, कारण प्रत्येक झेपेनंतर गाडी निघून जाते आणि त्याच्या लेखी काम फत्ते होतं. त्याला दुसरं बक्षीस लागत नाही. म्हणून पहिली अट ही की सराव बंद पडला पाहिजे: दोन-तीन आठवडे वर्दळीचा रस्ता टाळा किंवा वर्दळ नसलेली वेळ निवडा. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी छातीला नीट बसणारा हार्नेस आणि दोन मीटरची दोरी वापरा.

मग असं अंतर शोधा जिथे त्याला गाडी दिसते, पण तो खाऊ घेऊ शकतो आणि मान वळवू शकतो. कुणाला तीस मीटर लागतात, कुणाला ऐंशी. तिथे उभे राहा. त्याने गाडीकडे पाहिलं, त्याच क्षणी ‘यस’ म्हणा किंवा क्लिकर (टक् आवाज करणारी छोटी डबी) वाजवा आणि खाऊ तुमच्या पायाजवळ, गाडीच्या उलट बाजूला द्या. दहा-पंधरा वेळा हे झालं की तो पाहून आपणहून तुमच्याकडे वळू लागेल. आता पाहण्याला खूण देणं थांबवा आणि वळण्याला द्या. दहापैकी आठ वेळा तो आपणहून वळला तर पाच मीटर पुढे सरका. दहापैकी निम्म्याही वेळा वळला नाही तर मागे जा. एका वेळी पाच मिनिटं पुरेत.

खरी मेख वेळेत आहे. कान पुढे, तोंड मिटलेलं, डोकं खांद्याखाली, एक पाय अधांतरी, इथपर्यंत आलेल्या कॉलीला बहुतेकदा ऐकूच येत नाही. त्याच्या आधीची खूण, म्हणजे उघडं तोंड अचानक मिटणं, ओळखायला शिका. तुमच्याकडे साधारण एका सेकंदाचा अवधी असतो. तो निसटला तर हाका मारत बसू नका, अर्धवर्तुळात वळून त्याला घेऊन चालू लागा. पट्ट्याला झटका देऊ नका: गाडी दिसली की गळ्याला दुखतं असा संबंध जुळला तर ओढीच्या जागी चीड येते, आणि ती सोडवणं फार अवघड असतं.

लेझरचा लाल ठिपका, टॉर्चचा झोत किंवा सावली दाखवून कॉलीला कधीही खेळवू नका. पकडता न येणाऱ्या प्रकाशामागे धावण्याचं वेड या जातीत चटकन जडतं आणि मग भिंतीवरचा कवडसाही पुरतो. हा वेळ घालवायचा सोपा उपाय वाटतो, म्हणून मुद्दाम सांगतो आहोत.

प्रश्न: उड्या कितव्या महिन्यापासून? सात महिन्यांची कुत्री सोफ्यावरून, कुंपणावरून सहज उडते.

तिला जमतं म्हणून तिच्याकडून करून घ्यायचं नाही. हाडांच्या टोकाशी वाढीचा मऊ थर असतो. मध्यम आकाराच्या कुत्र्यांत पायांच्या हाडांतले बहुतेक थर बारा ते चौदा महिन्यांच्या सुमारास बंद होतात. त्याआधी त्यांवर वारंवार आदळणारा भार पडला तर हाड वाकडं वाढू शकतं. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या स्पर्धांसाठी अजिलिटीतलं किमान वय अठरा महिने आहे, त्यामुळे घाई करून पदरात काहीच पडत नाही.

वर्षाच्या आत करण्यासारखं मात्र खूप आहे. बार (आडवी दांडी) नसलेल्या जंपच्या, म्हणजे उडीच्या अडथळ्याच्या, दांड्याभोवती वळणं, सरळ बोगद्यातून जाणं, बार जमिनीवर ठेवून त्यावरून चालणं, तुमच्या दोन्ही बाजूंनी सारख्याच सहजतेने पळणं. आणि मागच्या पायांची जाण. एका बुटक्या, न घसरणाऱ्या पाटावर पुढचे पाय ठेवायला लावा आणि तुम्ही तिच्या बाजूने अर्धं पाऊल सरका. तोल सांभाळायला ती मागचे पाय सरकवेल. त्या एका पावलाला खाऊ. पूर्ण फेरी दोन्ही दिशांना जमायला दोन-तीन आठवडे लागतात. पुढे ए-फ्रेमवर (दोन उतारांचा उंच अडथळा) आणि वीव्ह पोलमध्ये (एका रांगेतले दांडे, ज्यांमधून नागमोडी पळायचं) हीच जाण लागते. दहा महिन्यांपासून बार पुढच्या पायाच्या मनगटाएवढ्या उंचीवर, वर्षानंतर कोपराएवढा. पूर्ण उंची पंधरा महिन्यांनंतर, आणि शक्य असल्यास पशुवैद्यांकडून एक्स-रे काढून वाढीचे थर बंद झाल्याची खात्री केल्यावर. नसबंदी लवकर झालेल्या कुत्र्यांत हे थर उशिरा बंद होतात, म्हणून तिची वेळ ठरवताना खेळाचा बेत डॉक्टरांना सांगा.

पाच ते दहा महिन्यांच्या दरम्यान पुढच्या पायाने लंगडू लागली आणि दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीनेही गेलं नाही, तर ‘मुरगळला असेल’ म्हणून सोडून देऊ नका. खांद्याच्या सांध्यातली कूर्चा सुटण्याचा विकार या जातीत याच वयात दिसतो.

प्रश्न: पिल्लू घेण्याआधी आई-वडिलांच्या कोणत्या चाचण्या विचाराव्यात?

कंबरेच्या सांध्यांचा अधिकृत अहवाल, डोळ्यांची तपासणी, आणि कॉली आय अॅनोमली (डोळ्यांचा दोष), टीएनएस (प्रतिकारशक्तीचा विकार), सीएल किंवा एनसीएल (मज्जासंस्थेचा विकार), आयजीएस (बी-१२ जीवनसत्त्व शोषलं न जाणं) यांच्या जनुकीय चाचण्या. हे चारही विकार दोन्हीकडून दोष आला तरच होतात, त्यामुळे एका बाजूचं जनावर वाहक असलं तरी दुसरं निर्दोष असेल तर पिल्लांना आजार होत नाही. पिल्लांची श्रवणचाचणी झालेली असावी. दोन्ही पालक मर्ल रंगाचे (फिकट रंगावर गडद ठिगळं असलेले) असतील तर ते पिल्लू घेऊच नका. दुहेरी मर्लमध्ये बहिरेपण आणि आंधळेपण येण्याचा धोका मोठा असतो. कागदपत्रांपलीकडे, आईला प्रत्यक्ष भेटा. अनोळखी माणूस घरात आल्यावर पंधरा मिनिटांत ती निवांत होते का? हा प्रश्न आम्हाला पदकांच्या यादीपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

प्रश्न: टग हातात असेल तर खाऊ तोंडात घेत नाही, आणि टग एकदा पकडलं की सोडत नाही.

दोन्ही गोष्टी एकत्र सोडवू नका. आधी सोडणं शिकवा. टग दोन्ही हातांनी मांडीला घट्ट टेकवून धरा, म्हणजे ते निर्जीव होईल. ओढू नका, बोलू नका. पकड ढिली होऊन तोंड सुटलं की लगेच ‘घे’ म्हणून पुन्हा खेळ सुरू करा. सोडल्यावर खेळ संपतो हा त्याचा अनुभव आहे. सोडल्यावरच खेळ सुरू होतो हा नवा अनुभव त्याला सलग द्या. सातत्याने दोन सेकंदांत सोडू लागला की त्याआधी ‘सोड’ हा शब्द जोडा. वर्तन पक्कं होण्याआधीच शब्द वापरू लागलात तर तो शब्द कानाआड होतो.

मग खाऊ. टग खिशात, खाऊ हातात, साधी कृती, खाऊ, लगेच टग. पुढच्या टप्प्यात टग जमिनीवर तुमच्या पायाखाली. शेवटी टग सोड, खाऊ घे, पुन्हा टग. खाऊ तोंडातून टाकून देत असेल तर उत्तेजना फार आहे. दोन मिनिटं चटईवर बसवा आणि जरा कंटाळवाणं टग निवडा. चार ते सहा महिन्यांत दात बदलतात, तेव्हा कापडी टग आणि हलकी ओढ. नेहमी जमिनीला समांतर ओढा, वर उचलून मानेला हिसके देऊ नका.

प्रश्न: सव्वा वर्षाचा कुत्रा कोर्सवर (अजिलिटीतल्या अडथळ्यांच्या मांडणीवर) प्रचंड वेगवान आहे, पण मधेच भुंकत गोल फिरतो आणि हाताला, मांडीला चावतो. वर्गात सगळे म्हणतात, ‘ड्राइव्ह आहे, येईल जागेवर.’

आपोआप येत नाही. प्रत्येक चाव्यानंतर कोर्स पुढे चालू राहतो, आणि कॉलीसाठी पुढची जंप हेच सर्वांत मोठं बक्षीस असतं. चावणं असंच पक्कं होत जातं.

आधी व्हिडिओ काढा, बाजूने, पूर्ण कोर्स दिसेल असा. प्रत्येक चाव्याच्या दोन सेकंद आधी तुम्ही काय करत होता ते पाहा. बहुतेक वेळा दिसेल ते असं: तुम्ही थांबलात, वळायला उशीर केलात, किंवा हात एका दिशेला आणि पाय दुसऱ्या. कुत्रा जंपच्या पलीकडे उतरला आणि त्याला पुढचं ठाऊक नाही. मेंढ्यांपाशी अशा वेळी तो जाऊन कळप हलवतो. इथे हलवण्यासारखे फक्त तुम्ही आहात.

माहिती कधी द्यायची याचा नेम ठेवा. कुत्र्याची नजर जंपवर गेली आणि तो तिच्यापासून साधारण दीड मीटरवर आला की तो उडणार हे नक्की असतं. त्या क्षणी तुमचं वळणं सुरू झालेलं हवं. तो हवेत गेल्यावर वळलात तर उशीर झाला, उतरल्यावर वळलात तर चावा. हे आधी कुत्र्याशिवाय करा: कोर्स पाच-सहा वेळा पळत चाला आणि कुत्रा कुठे असेल ते मोठ्याने म्हणा. बरेच जण हे टाळतात आणि चुका मात्र कुत्र्याच्या खात्यावर लिहितात.

मग कोर्स तोडा. तीन अडथळे, बस. बक्षीस हातातून न देता त्याने जिथे पाहायला हवं त्या रेषेवर, शेवटच्या जंपच्या चार-पाच मीटर पुढे फेका. सारखं हातातून मिळणारं टग हाताकडेच ओढून आणतं, आणि हात चावला जाण्याचं ते एक साधं कारण असतं. तीन अडथळे सलग पाच वेळा स्वच्छ झाले की चार करा.

चूक झाली तर काय करायचं हे आधीच ठरवा. तो चुकीच्या अडथळ्यावर गेला तर थबकून ‘अरे!’ करू नका. पळत राहा, समोरची सोपी जंप द्या, बक्षीस द्या आणि मग पुन्हा मांडणी करा. चूक बहुतेकदा हँडलरची, म्हणजे कुत्र्याला पळवणाऱ्याची, असते, आणि अचानक थबकलेला हँडलर चावऱ्या कॉलीला आमंत्रणच देतो. पण दात लागले तर वेगळा नियम: लगेच थांबा, हात छातीशी, एक शब्द नाही, रागवणंही नाही. पट्ट्याला धरून शांतपणे चटईवर, तीस ते साठ सेकंद. परत आल्यावर त्याहून सोपा तुकडा. एकाच सत्रात दुसऱ्यांदा झालं तर सत्र संपलं. चूक तुमच्या आखणीत शोधा.

मैदानात येण्याआधीच अर्धं काम बिघडलेलं असतं, तेही तपासा. दुसऱ्या कुत्र्यांना धावताना पाहत, भुंकत वीस मिनिटं कडेला उभा असलेला कॉली सुरुवातीच्या रेषेवर येतो तोच भरलेला. क्रेट झाकलेला आणि मैदानाकडे पाठ करून ठेवा. आपल्या पाळीआधी पाच-सात मिनिटं काढा: चालणं, हलकं धावणं, दोन्ही बाजूंना वळणं, थोडं मागे चालणं. रेषेवर बसवल्यावर पाचपैकी तीन वेळा परत त्याच्यापाशी जाऊन खाऊ द्या आणि दोनच वेळा सोडा, म्हणजे थांबण्यालाही किंमत येईल. उठला तर न बोलता परत आणून बसवा. बसण्याआधी धाव कधीच मिळू नये. एका सत्रात अर्ध्या मिनिटाच्या तीन-चार धावा, मध्ये तीन-चार मिनिटं विश्रांती, आठवड्यातून दोन-तीन दिवस. त्याहून जास्त केलंत तर शेवटच्या धावांमध्ये तो थकव्याने चावेल आणि तुम्हाला तो जोम वाटेल.

हे सगळं करूनही महिन्याभरात फरक नसेल, किंवा चावणं ठरावीक बाजूच्या वळणावरच होत असेल, तर पाठ आणि खांदे तपासून घ्या.

प्रश्न: वीव्ह पोलसाठी ‘दोन-दोन’ पद्धत बरी की दोन रांगांमधली गल्ली?

गल्लीत कुत्र्याला लय लवकर सापडते. दोन-दोन पद्धतीत आत शिरणं पक्कं होतं. उतावीळ कॉली बहुतेक वेळा शिरतानाच चुकतो, म्हणून आमचा कल दोन-दोन पद्धतीकडे आहे.

नियम आधी पाहा: एफसीआयच्या संचात बारा दांडे, प्रत्येकी साठ सेंटिमीटर अंतरावर, आणि पहिला दांडा कुत्र्याच्या डाव्या खांद्याला. सुरुवात दोनच दांड्यांनी करा. कुत्रा मधून गेला की खेळणं सरळ रेषेत पुढे फेका. मग तुमची जागा घड्याळाच्या काट्यांसारखी बदलत न्या, म्हणजे तो कोणत्याही कोनातून, डावा खांदा लावून शिरायला शिकेल. दहापैकी आठ बरोबर आल्यावर दुसरी जोडी तीन-चार मीटर पुढे लावा, ते अंतर दर सत्राला थोडं कमी करा, सहा जुळले की दुसरा सहाचा संच. एका सत्रात आठ-दहा फेऱ्या पुरेत. पाठीचा कणा इतक्या वेळा वाकवणं हा जड व्यायाम आहे, आणि सरळ रेषेतले बारा दांडे चौदा-पंधरा महिन्यांआधी नकोत.

दहाव्या दांड्याशी बाहेर पडतो? तुम्ही तिथे वेग कमी करत असाल किंवा खिशात हात घालत असाल. वेगाने आल्यावर दुसऱ्या फटीत शिरतो? आधीच्या जंपपासूनचं अंतर कमी करून त्याला पावलं आखडायला शिकवा आणि हळूहळू लांबवा.

प्रश्न: गरम दिवशी दहा मिनिटं डिस्क खेळल्यावर मागचे पाय लटपटले, नजर हरवल्यासारखी झाली. वीस मिनिटांत ठीक झाला. चिंतेचं आहे का?

हो. कॉलीमध्ये जोरदार व्यायामाने कोसळण्याचा एक विकार आहे, त्याला बॉर्डर कॉली कोलॅप्स म्हणतात. विश्रांतीत कुत्रा पूर्ण निरोगी दिसतो. पाच ते पंधरा मिनिटं जोरात धावल्यावर डोलतो, पाय आडवे टाकतो, गोंधळतो आणि पाच ते तीस मिनिटांत सावरतो. उष्णता आणि उत्तेजना यांनी हे वाढतं. लॅब्रॅडॉरमधल्या कोसळण्याच्या विकाराची जनुकीय चाचणी इथे लागू पडत नाही. निदान इतर कारणं वगळूनच होतं, म्हणून हृदय, रक्त, साखर आणि मज्जासंस्थेची तपासणी करून घ्या. जमल्यास पुढच्या वेळी व्हिडिओ काढा, पण तो घडवून आणू नका.

तोवर डिस्क आणि चेंडू बंद. जिथे कुत्रा स्वतः थांबत नाही असा प्रत्येक खेळ धोक्याचा आहे. आणि त्या क्षणी हा विकार आहे की उष्माघात, हे ओळखत बसू नका. खेळ थांबवा, सावलीत न्या, अंगावर सतत पाणी ओता, वारा घाला. नुसता ओला टॉवेल अंगावर पसरून ठेवू नका, तो तापतो. आधी थंड करा, मग दवाखाना. निरोगी कुत्र्याचं तापमान ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असतं. थंड करताना ३९.५ च्या आसपास आलं की पाणी थांबवा. जीभ रुंद आणि चमच्यासारखी वर वळलेली, लाळ घट्ट, हाकेला उशिरा प्रतिसाद, या खुणा कोसळण्याच्या आधी दिसतात.

प्रश्न: काँटॅक्टवर थांबवावं की धावत उतरवावं?

काँटॅक्ट म्हणजे चढ-उताराच्या अडथळ्याच्या टोकाचा तो भाग, जिथे कुत्र्याचा पाय पडायलाच हवा. पहिलाच कुत्रा असेल तर थांबवा: मागचे पाय फळीवर, पुढचे जमिनीवर. धावत उतरण्यासाठी शेकडो अचूक फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत पाय कुठे पडला ते टिपणारी नजर लागते. थांबणं जमिनीवर ठेवलेल्या फळीवर शिकवा, मग टोक वीटभर उचला. थांबलेल्या कुत्र्याला न सोडता तुम्ही पुढे पळालात, बाजूला गेलात, तरी तो जागेवर राहिला पाहिजे. ही परीक्षा पास झाल्यावरच पूर्ण उंची.

प्रश्न: सी-सॉचा (मध्यावर डुलणाऱ्या फळीच्या अडथळ्याचा) धाडकन आवाज झाला आणि आता कुत्री फळीकडे फिरकतही नाही.

सी-सॉ मैदानातून काही आठवडे पूर्ण बाहेर काढा. आवाज आणि हालचाल ही दोन वेगळी भीतीची कारणं आहेत, ती वेगळी करून शिकवावी लागतात.

हालचालीसाठी खाली गुंडाळलेला टॉवेल ठेवलेली छोटी, रुंद फळी घ्या, जी दोन-तीन सेंटिमीटरच डुलेल. ती स्वतः पंजा टाकून हलवेल त्याला खाऊ. तुम्ही तिला वर चढवू नका, खाऊ दाखवून ओढूही नका. आवाजासाठी दुसऱ्या खोलीत कुणीतरी फळी गादीवर टेकवावी. आवाज आधी, खाऊ लगेच नंतर. उलट झालं तर खाऊच धोक्याची सूचना बनतो. गादीनंतर चटई, चटईनंतर जमीन, खोलीनंतर दहा मीटर, पाच, दोन. कान मागे गेले किंवा खाऊ घेणं थांबलं तर त्या दिवशी एक पायरी खाली.

मग सी-सॉ परत आणा, पण खाली उतरणाऱ्या टोकाखाली टेबल किंवा भक्कम खोका ठेवून, म्हणजे फळी पाच-दहा सेंटिमीटरच पडेल. ती टोकापर्यंत आपणहून येऊन तिथे खाते आहे असं सलग तीन सत्रांत दिसलं की उतार पाच सेंटिमीटरने वाढवा. फळीचा तोलही तपासा: एफसीआयच्या नियमानुसार उतरत्या काँटॅक्टच्या मध्यावर एक किलोचं वजन ठेवल्यावर ती दोन ते तीन सेकंदांत जमिनीला टेकली पाहिजे. त्याहून झटकन पडणारी फळी धीट कुत्र्यालाही घाबरवते. वर्गातल्या फळ्या वेगवेगळ्या असतात. पूर्ण उतार आल्यावर अनोळखी सी-सॉवर पहिल्यांदा नेताना पुन्हा खोका ठेवूनच सुरुवात करा.